दोनदा धुवा

भाची: पान एकशे बारा. विजेचा झटका, रेघ वर. औषध टाकलं, झटका, रेघ निम्म्यावर. दोनदा धुतलं. नॉरअॅड्रिनलिन टाकलं, रेघ पूर्ण वर. मावशी, तुझ्या वहीत गोष्ट पुढे सरकतच नाही गं. आधीची एकशे अकरा पानंही हेच सांगतात.

मावशी: इतक्या वेळा हेच झालं म्हणून तर प्रबंध झाला. सोमवारी द्यायचाय. तू टाइप कर, समीक्षा नको.

भाची: करतेच आहे. पण कळल्याशिवाय माझी बोटं चालत नाहीत, आईला विचार हवं तर. झटका कुणाला देतेस, उंदराला?

मावशी: उंदीर कधीच गेला बिचारा. त्याच्या शेपटीतल्या रक्तवाहिनीचा कापलेला गोल तुकडा, ती कडी. त्या काचेच्या नळीत, कोमट खारट पाण्यात, दोन आकड्यांना टांगलेली. तिच्या अंगाला मज्जातंतूंची बारीक टोकं चिकटून असतात. झटका दिला की टोकांवरची कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत जातं आणि टोक नॉरअॅड्रिनलिन सोडतं. तेवढ्यानं कडी आवळते. पडद्यावर रेघ वर.

भाची: आणि तुझं औषध दारं लावून घेतं.

मावशी: कुणाची दारं, तोच तर सहा वर्षांचा प्रश्न. दारं मज्जातंतूलाही असतात, कडीतल्या स्नायूलाही. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या मुख्यतः स्नायूची दारं लावतात. दाब उतरतो, पण मज्जातंतू हडबडतात आणि हृदयाला पळवत सुटतात. तुझ्या आजीला गोळी घेतली की धडधडायचं, आठवतं?

भाची: माझा हात धरून छातीवर ठेवायची. म्हणायची, आत कोण ठोठावतंय बघ.

मावशी: हं. हे औषध मज्जातंतूचं दार लावतं. टोक नॉरअॅड्रिनलिन सोडतच नाही, म्हणजे धडधड नाही. पुरावा तू आत्ताच वाचलास. बाहेरून नॉरअॅड्रिनलिन टाकलं की कडी पूर्ण आवळते. स्नायू ठणठणीत आहे, गप्प बसलाय तो मज्जातंतू.

भाची: मग मधे धुतेस कशाला?

मावशी: सरांचा नियम, माझ्या मार्गदर्शकांचा. बेसिनवर कागद चिकटवलाय बघ, त्यांच्याच अक्षरातला. नवीन काही टाकण्याआधी दोनदा धुवा. मागच्या थेंबाची बाधा पुढच्या थेंबाला नको. मी या प्रयोगशाळेत आले त्या पहिल्या दिवशी हेच शिकवलं त्यांनी.

भाची: पण दोनदा धुतल्यावर औषध राहतं का नळीत?

मावशी: राहत नाही. म्हणून तर...

भाची: म्हणून काय?

मावशी: ती वही इकडे दे.

भाची: मावशी? काही वेड्यासारखं विचारलं का मी? बोल ना, तुझा चेहरा कसा झालाय बघ.

मावशी: ती औषधाची निळ्या झाकणाची बाटली दे. सकाळची कडी अजून टांगलेली आहे. तू पडद्यापाशी बस आणि जे दिसेल तेच सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.

भाची: बसले.

मावशी: झटका.

भाची: वर. ऐटीत.

मावशी: औषध टाकलं. आता पंधरा मिनिटं थांबायचं.

भाची: या पंधरा मिनिटांत तू एरवी चहा करतेस.

मावशी: आज नको. ... झटका.

भाची: निम्मी.

मावशी: आता धुवायचं नाही. नॉरअॅड्रिनलिन टाकते.

भाची: ... हलली जराशी. थांबली. मावशी, ही तर वर जातच नाही.

मावशी: आता धुते. एकदा. दोनदा. पुन्हा टाकते.

भाची: वर. पूर्ण. वहीतल्यासारखी.

मावशी: औषध होतं तोवर स्नायूच झोपलेला होता, दारं त्याचीच लागत होती. मी त्याला पाणी मारून उठवायचे आणि मग विचारायचे, झोपला होतास का रे? तो कशाला हो म्हणेल?

भाची: मला विचारायलाच नको होतं. जिथे तिथे तोंड घालते मी.

मावशी: बरं झालं विचारलंस.

भाची: हे आपल्या दोघींनाच माहीत आहे. सरांची सही झालीये. मी आईलासुद्धा सांगणार नाही, शप्पथ.

मावशी: आणि उद्या हे औषध कुणाच्या तरी आजीला देतील. धडधड होणार नाही असं सांगून. तेही माझ्या नावावर.

भाची: मग सरांना सांगणार? ते तिकडे दवाखान्यात खाटेवर पडून आहेत. परवा तूच म्हणालीस, हा प्रबंध गेला की मी मोकळा झालो, असं म्हणत होते.

मावशी: सांगावं लागेल. त्याआधी कोपऱ्यातलं ते कपाट उघड. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

भाची: त्यात तर सरांच्या जुन्या वह्या आहेत ना? त्यांच्या या दारांच्याच प्रयोगांच्या?

मावशी: बावीस आहेत. एकेक काढून दे मला.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. दवाखान्याच्या पायऱ्यांवर भाची बसली आहे. मावशी आतून येते.)

भाची: सांगितलंस?

मावशी: सांगितलं.

भाची: चिडले?

मावशी: नाही. सही खोडायला पेन मागितलं. पेन धरवत नव्हतं, मी मनगट धरलं. मग विचारलं, चूक कुणी काढली. म्हटलं, भाचीनं, दहावीत आहे. म्हणाले, तिला या लायनीत पाठवू नका, जेवण गोड लागू दे पोरीला.

भाची: हसत म्हणाले?

मावशी: अर्धवट. मग काकू, सरांच्या पत्नी, आल्या, उशी सरळ करून गेल्या. त्या गेल्यावर म्हणाले, माझ्या वह्या पाहिल्यास का?

भाची: मग?

मावशी: म्हटलं, कपाटाची किल्ली सापडत नाहीये.

भाची: मावशी, काल आपण बावीसच्या बावीस पाहिल्या. सगळ्यांत दोनदा धुतलेलं होतं, म्हणजे त्यांचंही सगळं चुकलेलं.

मावशी: हो.

भाची: त्यांना खरं वाटलं?

मावशी: माझ्याकडे पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, घाई नाही. सावकाश शोध.