मूर्तिजापूरपर्यंतचा राक्षस

अमरावती-अकोला गाडीनं सिंधूताईंनी उभा जन्म ये-जा केली, पण असलं बोलणं कधी कानावर पडलं नव्हतं. पुढच्या बाकावर म्हातारे वकील भगवंतराव नातीच्या मोबाइलवर राक्षसाशी लढत होते.

“आबा, मेले तुमी पुन्हा!”

“काहून मेलो? मी तं हानतच होतो.”

“म्हणूनच मेले. आधी त्याले हानू द्या. त्यानं गदा उचलली का बाजूले सरका.”

“समोरच्याले आधी बोलू देऊ? उभ्या वकिलीत नाही दिलं!”

“हे कोर्ट नाही, आबा. गदा आपटली का तो दम खाते. तवा दोन वार करा अन् मागं या.”

“तिसरा केला तं?”

“तिसऱ्यानंच मरता तुमी. लय हावरट आहा.”

“म्हणजे दोन मुद्दे मांडायचे अन् तारीख मागायची. असं सांग ना, आचल!”

“हो. अन् अकोल्याच्या आत मारा. नाही तं घरी गेल्यावर शुभंकरदादा पुन्हा चिडवते, आबाच्यानं होत नाही म्हणून.”

“पाहतोच. हे दोन… तारीख. हे दोन… तारीख. अवं, हा लाल झाला ना!”

“चिडला तो. घाई नका करू!”

सिंधूताई पिशवी घेऊन उठल्या आणि तिथंच खिळून राहिल्या.

“आजी, मूर्तिजापूर आलं. उतरा ना,” कंडक्टर म्हणाला.

“थांब बापा, त्याचा जीव थोडासाच राहिला.”

“कोनाचा जीव?” कंडक्टर घाबरला.

“मेला!” भगवंतराव ओरडले.

“तिसरा नाही ना हानला?” सिंधूताईंनी विचारलं.

“नाही हो बाई, दोनातच निकाल लागला!”

“मंग उतरते.”