तीन टिंबांची प्लेट

आमी मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावच्या पल्याड आमचं गाव. बाप लोहारकाम करायचा, नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, खुरपी, सगळं. त्यामुळं लोखंड काय मला नवं न्हाय, चौथीत असल्यापासनं भाता ओढलाय मी. बाप लई बोलायचा न्हाय, पर खंडेनवमीला हत्यारं पुजली की एवढं म्हणायचा, पांडू, जगात कुठंबी खोटं बोल, हत्याराम्होरं बोलू नगंस. आता हे तुमाला येडेपणा वाटंल. वाटू द्या. माझं सगळं वाटोळं ह्याच एका शब्दानं झालं, म्हणून आधी सांगतो.

तर मी तुर्भ्याला लेथवर लागलो, धा वर्सं दुसऱ्याच्या मशिनवर उभा ऱ्हायलो, मग जुनं लेथ घेऊन स्वतःचा गाळा टाकला. कोपरखैरण्याला खोली, बायको सुमन, एक पोरगी. आणि मेव्हणा सदाशिव. सुमनचा एकुलता एक भाऊ, आईबाप ल्हानपणीच गेलेले, तिनंच त्याला वाढवलेला. त्याला गावावरनं मी आणला. कुठल्या बोल्टाला कुठला पाना हितपासनं मी शिकवलं, काय सांगू तुमाला, जेवताना माझ्या ताटातली भाकर मोडून खायाचा. हात चांगला होता त्याचा, मोटार मेकॅनिक झाला. माझ्या गाळ्याच्या म्होरच्या जागेत त्यानं ग्यारेज चालू केलं, मागं माझं लेथ. लोक म्हणायचे दाजी-मेव्हण्याची जोडी हाय, हितं गाडी आणली की दुसरीकडं जायाला नगं.

त्या टायमाला शिरवण्याचा एक शेठ होता, हेमंतशेठ. गावचा मूळचा मानूस, जमिनी सरकारात गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाले, चाळी बांधल्या, भाडं खायाचा. पर दिलदार. त्यानं कुठनं तरी एक जुनी विलायती स्पोर्ट गाडी आणली, दोनच शिटा, वर कापडाचं टप, एवढी बुटकी की आत बसलं की गुडघं छातीला लागायचे. दिसायला राणी, पर इंजिन म्हातारं, चढाला रिक्षा पुढं जायाची. शेठ म्हणाला, मिस्त्री, मना ही गारी पलताना बगाची हाय. मग सदानं एका ठोकलेल्या जपानी गाडीचं इंजिन आणलं. जुन्याच्या दुप्पट ताकद. बसवायचं कसं, तर इंजिनाची भोकं एकीकडं आणि गिअरबॉक्सची भोकं दुसरीकडं. मधी प्लेट पायजे. ती प्लेट म्हंजे माझं काम.

तुमाला सांगतो, आयुष्यात मी हजारो पार्ट केले, पर तसलं काम पुन्हा न्हाय केलं. इंजिनाच्या तोंडाला ग्रीसमधी काजळी कालवून लावली, त्यावर कागद दाबला, भोकांचा ठसा घेतला. तसाच गिअरबॉक्सचा. पाच सूत जाड पाटा घेतला, आणि सेंटर केसभर हलला तर शाफ्ट खाऊन टाकंल म्हणून चार दिवस निस्ता माप बघायचा डायल लावून बसलो. झाली तेव्हा फडक्यात गुंडाळून घरी नेली सुमनला दाखवाया. ती म्हणाली, अगंबाई, हे काय, पुरणयंत्राची ताटली का. मी तिच्या म्होरंच पंचनं कडंला तीन टिंबं मारली. माझा बाप कुऱ्हाडीवर मारायचा तीच खूण.

इंजिन बसलं, आवाज असा की गल्लीतली माणसं कामं सोडून बघाया आली. पर मी सदाला एक गोष्ट पयल्या दिवसापासनं सांगत होतो, बाबा, पळंल ती, थांबंल का. बिरेक जुन्या इंजिनाचेच हायेत, मोठ्या गाडीचे बसव, त्याशिवाय रस्त्याला काढू नगंस. तो म्हणायचा, हो दाजी, सामान सांगितलंय, येतंय. शेठला दसऱ्याला गाडी पायजे होती, रोज माणूस पाठवायचा.

खंडेनवमीला दुपारी मी मशिन पुसली, सगळी हत्यारं पाटावर मांडली, पाने, हातोड्या, माझे टूल, त्याचे टूल, झेंडूची फुलं, हळदीकुंकू. आमच्यात एकदा पुजली की दसऱ्याला सोनं लुटून झाल्याबिगर हत्यार उचलत न्हाईत. आणि पूजा झाल्यावर माझी नदर गेली गाडीच्या चाकाकडं. नट तसेच्या तसे, गंजाची पूड बी हललेली न्हाय. मी म्हणालो सदा, बिरेक बदलले का. तर तो उठला, पाटावरच्या पान्यावर हात ठेवला आणि म्हणाला, दाजी, पुढचे दोन्ही झाले, आईशपथ. कुंकू लागलं त्याच्या बोटांना. आता एक चाक खोलून बघाया मला पाच मिंटं लागली असती. पर पाना पुजेत होता. आणि त्यावर हात ठेवून माझा मेव्हणा बोलला होता. मी न्हाय खोललं. इतकीच माझी चूक, दुसरी न्हाय.

दसऱ्याला शेठ चालवाया, मी शेजारी बसलो. नेरूळच्या बाजूला तवा रस्ते मोठे आणि मोकळे, शेठनं पाय दाबला तशी गाडी जी निघाली, शेठ पोरासारखा हसत होता, मी बी हसलो, खोटं कशाला बोलू. वळणावर एक बाई झेंडूची टोपली घेऊन आडवी आली. शेठनं बिरेक दाबला. दाबला, दाबला, गाडी तशीच. बाईला वाचवाया त्यानं गाडी गटारात घातली. बाई वाचली. शेठचा गुडघा फुटला, माझं कपाळ.

मी दोन दिवस दवाखान्यात, तेवढ्यात सदानं गाडी ग्यारेजला ओढून आणली आणि सगळ्यांना सांगितलं, दाजीची प्लेट तडकली, इंजिन सुटलं, म्हणून गाडी हातातनं गेली. मी आलो, म्हणालो दाखव प्लेट. तर म्हणतो, इंजिन-गिअरबॉक्स सगळं भंगारात गेलं. मी शेठकडं गेलो, तो प्लास्टरमधी, मला बघून तोंड फिरवून म्हणाला, तुज्या पलेटीनं मना लंगरा केला. मी बिरेकचं सांगितलं, तर म्हणतो, बिरेक सदानं लावले, मना सांगितलान. सांगा, काय दाखवू मी. हातात काय होतं माझ्या. गल्लीत बोभाटा झाला, पांड्याचं काम कच्चं. ज्या लोकांनी धा वर्सं माझ्या हातावर डोळे झाकून माल सोडला त्यांनी दुसरं लेथ धरलं. सदानं ग्यारेज हालवलं, करंजाड्याकडं गेला.

आणि घरात. सुमन भांडली न्हाय माझ्याशी. पर एकदा भाजी निवडताना म्हणाली, व्हतं हो, मशिनचं काम हाय, चुकतं माणसाचं. तेवढंच बोलली. शेठ बोलला त्यापरास ते मला जास्त लागलं. दोन भाऊबिजा तिनं सदाला ओवाळलं, मी बाहेर गॅलरीत बसून ऱ्हायलो.

औंदा दिवाळीच्या आधी एक अनोळखी माणूस टेम्पोत गिअरबॉक्स घेऊन आला, पनवेलच्या भंगारवाल्याकडनं घेतलेला, म्हणाला ह्याला ही प्लेट जोडलेली हाय, काढून द्या, मला गिअरबॉक्सच पायजे. मी फडक्यानं कड पुसली. तीन टिंबं. कुठं तडा न्हाय, केसभर न्हाय. प्लेट तुमीच ठेवा म्हणून त्यानं सांगितलं. मी हितं खाली बसलो आणि रडलो, लाज कशाची.

घरी नेली, सुमनच्या म्होरं ठेवली. तिनं भोकांवरनं हात फिरवला, टिंबांवर बोट ठेवलं, उचलून कपाटात ठेवून दिली. भाऊबिजेला सदा आला, साडी घेऊन. तिनं पाट मांडला, रांगोळी काढली, आणि पाटाम्होरं ती प्लेट ठेवली, वर हळदीकुंकू. म्हणाली, सदा, ओवाळते, आधी हिच्यावर हात ठेव आणि सांग काय तडकलं व्हतं. मी दारातच उभा. तो म्हणाला, अक्का, सणासुदीचं कशाला उकरतीस. ती म्हणाली, हात ठेव. न्हाय ठेवला त्यानं. चपला घातल्या आणि जिना उतरून गेला, साडी तिथंच ऱ्हायली.

मला वाटलं होतं त्या दिवशी माझ्या जिवाला थंडावा मिळंल. न्हाय मिळाला. सुमन तबक घेऊन गॅलरीत गेली. खाडीच्या अंगाला बीजेची कोर दिसत होती, आता मावळंल का मग अशी. जिला भाऊ न्हाय ती बाई चांदाला ओवाळती, तुमाला ठाव हाय. तिनं ओवाळलं. मग आत येऊन मला म्हणाली, प्लेट उचला, जेवायचं हाय.

आता थोडीफार कामं परत येतायत. प्लेट लेथच्या वर खिळ्याला टांगलीय. सदाचं ग्यारेज चालतंय म्हणं करंजाड्याला. चालू द्या. बिरेक दाबला की गाड्या थांबू देत त्याच्या, एवढंच म्हणतो मी.