गाळलेलं पद

मी मूळची आजऱ्याकडची. वडील भजनात गायचे, ऐकून ऐकून जे कानात राहिलं तेवढंच माझं शिक्षण, शाळा सातवीतच सुटली. वडील गेले तशी मावशीनं गोव्यात साखळीला आणलं, तिचे यजमान खाणीवर होते. शेजारच्या पेटीवाल्या सदाबाबांनी माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, गो, नाटकात उभी राहशील? काय सांगू तुम्हाला, इथं जत्रेला गावातलेच बाप्ये नाटक करतात, पण बायकांच्या भूमिकेला बाहेरून बाई बोलावतात, एकच तालीम मिळते, तेवढ्यात सगळं बसवायचं.

दुसऱ्याच वर्षी सदाबाबांबरोबर पेडण्याकडच्या एका गावात गेले. नाटक आदल्या दिवशी दुसरीकडं केलं होतं तेच. नायक म्हणजे तिथले दुकानदार नानू, तालमीत पोरं त्यांची थट्टा करत होती, नानू, राजाच्या पायात दुकानातल्याच चपला रे? नवरा-बायकोचं पद इथं गाळलंय असं मला सांगितलं, का ते कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही, नवखी बाई जास्त बोलली तर पुन्हा कोण बोलावणार. आणि ऐन नाटकात सवयीनं तेच पद तोंडातून सुटलं. सदाबाबांनीही पेटी धरली, करतात काय. नानू आपली ओळ घेईनात. पुढचे लोक मला सोडून नानूंकडंच बघायला लागले. विंगेतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, बाई, नानूची बायको गेलीय गेल्या साली, दरवर्षी पुढं बसून हेच पद ऐकायची. आता थांबावं तर वाईट, गावं तर त्याहून वाईट, मी आपली धृपदच धरून राहिले, परत परत. मग नानूंनी आपली ओळ घेतली. सुरात नव्हती, पण पुरी घेतली.

पडदा पडल्यावर त्यांच्या पाया पडायला गेले, आपलं गोव्यातलं संपलं, एवढंच डोक्यात. ते म्हणाले, बाय, तां पद मी खंय गाळलंय, ह्या लोकांनी गाळल्यानी. वर्स झाला, माझ्या म्होरां कोण तिचां नाव घेणा नाय.

त्या गावानं पुढं अठरा वर्षं मला बोलावलं. नानू आता नाहीत. माझाही आवाज बसलाय, आईच्या भूमिका करते, एखादं पद असलं तर असलं. तालमीला बसले की पहिलं विचारते, पद गाळलंय ते कुणासाठी? सांगतात हो आता. या लोकांनी परक्या बाईला पोटाशी धरलं, त्यांच्या कुणाच्या घरात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं राहू नये, एवढंच देवाजवळ मागते.