नंदूचं हार्टचं औषध

आमच्या नंदूचं ऐका. लालबागला माझं मसाल्याचं दुकान आहे, त्याच्याच वरच्या माळ्यावर तो राहतो. रोज संध्याकाळी दोन पेग घेतो आणि वर मलाच शिकवतो, "थोडी घेतली की हार्टला बरी असते. मोबाईलवर आलंय." मी इतकी वर्षं मिरची विकतोय, पण ती डोळ्यांना बरी असते असं गिऱ्हाइकाला सांगायची हिंमत मला कधी झाली नाही.

परवा जिना चढताना त्याच्या छातीत दुखलं, म्हणून वहिनींनी त्याला माझ्यासोबत डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "आधी दारू बंद करा. हार्टला बरी वगैरे काही नसते."

नंदू खवळला. "अहो, श्रावणातसुद्धा कधी चुकवली नाही! औषधाला कसला आलाय श्रावण?"

"आणि मी दिलेली प्रेशरची गोळी?"

"ती नाही घेत."

"का?"

एवढंही डॉक्टरला कळू नये, अशा नजरेने नंदूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "रोज घेतली की सवय लागते ना!"