बंद कॉम्प्युटरचं परीक्षण

अभ्यास झेपला नाही म्हणून मी कॉलेज सोडलं, असं कोपरला आमच्या बिल्डिंगमधली सगळी मोठी माणसं सांगतात. सांगू देत. तुम्ही खरं काय ते ऐका.

कॉम्प्युटरच्या सरांनी जाहीर केलेलं, पेपरातल्या कॉम्प्युटरच्या बातमीवर परीक्षण लिहा, पाच मार्क जादा देतो. मला पास व्हायला तेवढेच कमी पडत होते. मी ठाण्याच्या एका साप्ताहिकातली आमच्याच कॉलेजची बातमी घेतली. ‘विद्यार्थी रोज कॉम्प्युटरवर काम करतात.’ सोबत फोटो. मी लिहिलं, ‘फोटोत मशीनसमोर बसलेला मुलगा मीच आहे. कॉम्प्युटर बंद होता. फोटो काढून झाल्यावर मला उठवलं आणि खोलीला कुलूप लावलं. ते अजून उघडलेलं नाही.’

सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं.

"अरे, हे प्रिन्सिपल वाचतील."

"वाचू देत ना सर. खोटं आहे का?"

"खोटं नाही रे."

"मग खोली उघडा. शिकवा आम्हाला."

सरांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "मला तरी कुठे चालवता येतो? पुस्तकातून शिकवतो मी. दुसरी बातमी घे, मार्क देतो."

मी घेतली नाही. बातम्या जशाच्या तशा उतरवणाऱ्यांना पाच मिळाले, मला शून्य. वर्ष गेलं, मग कॉलेजही.

राग अजून आहे. पण तो माणूस खोटारडा होता, असंही म्हणवत नाही. खरं बोलला की तो. फक्त मला एकट्याला, हळू आवाजात. चारचौघांत, नोटीस बोर्डावर मार्क लावायची वेळ आली, तेव्हा त्याने माझ्या नावापुढे शून्य लावलं.