खुणेचं नॅफ्थलीन

मला तोंडाळ म्हणताय न्हवं? मग एकदा माझं तोंड कसं बंद पडलं तेही ऐका.

बेळगावात पाणी तपासायच्या लॅबमध्ये मी बाटल्या धुवायची. शाळा चौथीपर्यंत, पण लेबलं वाचून वाचून सगळी रसायनं ओळखायची.

आमची केमिस्ट रेखा प्रत्येक नमुन्यात जड हायड्रोजनचं नॅफ्थलीन मोजून घालायची. ते खुणेचं. मशीनला वेगळं ओळखू येतं, आणि त्याच्याशी ताडून पाण्यात साधं नॅफ्थलीन किती ते काढतात. एका आठवड्यात सगळ्याच नमुन्यांत साधं भरमसाट निघालं. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा!

साहेब रेखावर उखडले, "खुणेचं माप चुकवलंस तू!"

ती रडवेली होऊन माझ्याकडं आली. "आक्का, माप बरोबर हाय वो. मग बाटल्यांत हे आलं कुठनं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झुरळं लई झाली म्हणून धुतलेल्या बाटल्यांच्या कपाटात मीच डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. पुड्यावर नॅफ्थलीन असं ठळक छापलेलं, आणि मी ते वाचलंही होतं.

मी तरातरा साहेबांकडं गेले. "पोरीवर कशाला वरडतायसा? तिच्यासारखं काम हितं कुणाला जमतंय?" लई भांडले. गोळ्यांचं तेवढं बोलले न्हाय. त्या गुपचूप पदराला बांधून घरी नेल्या.

महिनाअखेरीस रेखाला कामावरनं काढलं. जाताना माझा हात धरून म्हणाली, "आक्का, माझ्या बाजूनं तुमी एकट्याच बोललासा."