पाच जणांची कवंदी

दुमगी : कातर खाली ठेव, लुझिये. साडी कापायची नाही, अख्खी अंथर. पाच माणसं मावली पाहिजेत कवंदीत.

लुझिया : पाच कोण, मांय? तुम्ही, मी, पोरं रिबेका नि जुझे. चारच की.

दुमगी : आणि माझा पोरगा? तुझा नवरा नाही का तो?

लुझिया : ते नाताळला येणार, आठ दिवस राहणार आणि परत गोव्याला. तेवढ्यासाठी एवढं मोठं धूड वर्षभर धुवायचं कुणी?

दुमगी : मी धुईन. नदी काही म्हातारी झाली नाही अजून. घरातल्या माणसाला जागा ठेवून गोधडी शिवायची असते. माझ्या सासूनं सात जणांची शिवली होती. आम्ही सातही जण तिच्याखाली झोपायचो, रात्री एकमेकांच्या लाथा खात.

लुझिया : बरं, पाच तर पाच. कुठून धरू?

दुमगी : दरवेळी विचारतेस! कडेनं धर. कडेकडेनं गोल फिरत आत यायचं. तू तिकडून, मी इकडून. तो निळा तुकडा दे. तुझ्या सासऱ्याच्या लुंगीचा आहे, कडेला नको, मध्ये लावू. मेलं माणूस, पण थंडी वाजायची फार त्याला.

लुझिया : आणि हा? ह्यांचा शाळेतला सदरा. खिसा उसवू?

दुमगी : राहू दे खिसा. जुझेला झोपताना हात घालायला काहीतरी लागतं. अगं, टाके बघ तुझे! दात पडलेल्या म्हातारीच्या तोंडासारखे. एक इथं, एक तिथं. चित्त कुठंय आज?

लुझिया : कुठं नाही. विहिरीवर जाऊन येते. पाणी संपलंय.

दुमगी : सकाळीच तर दोन घागरी आणल्यास.

लुझिया : येतेच, मांय.

(लुझिया विहिरीकडे जाते. कवंदीवर पडलेला तिचा फोन वाजू लागतो.)

दुमगी : हॅलो? कोण ते?

कैतान : लुझिया? आवाज येतोय का?

दुमगी : मी आहे रे, कैतान. लुझिया पाण्याला गेलीय. तो टॉवर झाल्यापासून अंगणातच लागतो फोन. जेवलास?

कैतान : मांय, तूच घेतलास ते बरं झालं. मला तुझ्याशीच बोलायचंय. घरमालक आजच उत्तर मागतोय. मोठी खोली सोडू की ठेवू?

दुमगी : कसली खोली?

कैतान : मांय, आता माहीत नसल्यासारखं नको करूस. गेल्या पावसाळ्यापासून हेच चाललंय. मी म्हणतो, पोरांना घेऊन ये. लुझिया म्हणते, मांय नाही म्हणते. रडते, जेवण सोडते, बाबाच्या क्रुसाची शपथ घालते. खरं ना?

दुमगी : कोण रडतं?

कैतान : तू!

दुमगी : ...हां. रडले असेन.

कैतान : आणि शपथ?

दुमगी : घातली असेल. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला कुठं कुलूप असतं?

कैतान : मांय, तुला एकटं टाकायला मला बरं वाटतं का? तू चल म्हटलं तर तेही नको म्हणतेस म्हणे. मग मी काय करू? मासळीच्या टोपल्या वाहून खोलीवर आलो की भिंतीशी बोलतो. परवा फोनवर जुझे मला काका म्हणाला. आपल्या बापाला काका!

दुमगी : जुझे म्हणाला?

कैतान : रिबेका हसली. मी पण हसलो. मग फोन ठेवला.

दुमगी : कैतान, घरमालकाला संध्याकाळपर्यंत थांबव. लुझिया आली की ती करेल फोन.

कैतान : चिडलीस?

दुमगी : नाही रे. ठेव आता. काही खा.

लुझिया : कुणाचा फोन होता, मांय?

दुमगी : घागर खाली ठेव आधी, नाहीतर फोडशील. मी जेवण कधी सोडलं होतं गं?

लुझिया : (घागर खाली ठेवत) जेवण?

दुमगी : भात दिसला की मी आधी बसते, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. दुसरं काहीतरी सांगायचंस, निदान पटलं तरी असतं.

लुझिया : त्यांनी सांगितलं तुम्हाला?

दुमगी : सगळं सांगितलं. मेल्या नवऱ्याच्या क्रुसाची शपथसुद्धा माझ्या नावावर घातलीस. मला एका शब्दानं विचारलं नाहीस आणि माझ्याच खांद्यावर बंदूक ठेवलीस.

लुझिया : मग तुम्ही काय म्हणालात?

दुमगी : काय म्हणणार? हो म्हटलं, मीच ती रडकी म्हातारी. नवरा-बायकोत आग लावू का या वयात? आता तू बोल. का केलंस?

लुझिया : मे महिन्यात पोरांना घेऊन मी आठ दिवस जाऊन आले ना तिथं...

दुमगी : समुद्र छान आहे म्हणालीस.

लुझिया : समुद्र कुठं बघितला मी! हे पहाटे जायचे, अंधार पडल्यावर यायचे. खोलीला एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. पहिल्याच दिवशी जिन्यात एका बाईनं आमचा काळा रंग, कुरळे केस बघून विचारलं, कुठल्या देशातून आलात? मी म्हटलं, यल्लापूरहून. ती हसली. आणखी एकीला बोलावून आणलं नि परत विचारलं. दोघींनी रिबेकाच्या केसांना हात लावून बघितला. विचारलंसुद्धा नाही, मांय. दुकानात कापड चाचपतात ना, तसा.

दुमगी : मग?

लुझिया : मग दार लावून बसले. बाहेर एवढी माणसं, आणि दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. इथं काय, विहिरीवर गेलं तरी चार जणी वाट अडवतात.

दुमगी : हे नवऱ्याला सांगायचं की नाही?

लुझिया : म्हणाले असते, सवय होईल. तुमचं नाव काढलं की गप्प बसायचे. आणि तुम्ही इथं एकट्या...

दुमगी : मला मध्ये आणू नकोस. आणलंस तेवढं पुरे झालं.

लुझिया : चुकले, मांय.

दुमगी : ऐक. फोन ठेवला ना, तेव्हा राग नंतर आला. आधी बरं वाटलं. म्हटलं, सून खोटं बोलतेय तर बोलू दे. मी तोंडात मूग धरून बसले की पोरं माझ्या कुशीत राहतात.

लुझिया : मग बसा की तसंच! मी कुठं जाते म्हणतेय?

दुमगी : बसले असते. पण जुझे बापाला काका म्हणाला. तू सांगितलंस मला?

लुझिया : नाही.

दुमगी : लोक मलाही बघायचे, लुझिये. हुबळीच्या बाजारात पोरं मागं लागायची. पण माझ्या शेजारी तुझा सासरा चालायचा, तोही असाच काळा, असाच कुरळा. एकाला बघायचे ते दोघांना बघायचे, वाटून जायचं. तिथं कैतानच्या शेजारी कोण चालतं? विचारलंस कधी?

लुझिया : नाही विचारलं.

दुमगी : फोन लाव. सांग, म्हातारी हो म्हणाली.

लुझिया : पण तुम्हाला मनापासून हो म्हणायचंय का?

दुमगी : इतके दिवस माझ्या नावानं खोटं ‘नाही’ म्हणालीस. आता एकदा खोटं ‘हो’ म्हण. लाव.

लुझिया : अहो, मी बोलतेय.

कैतान : मांय बरी आहे ना? मी जास्त बोललो का?

लुझिया : बऱ्या आहेत. मांय हो म्हणाल्या.

कैतान : काय?

लुझिया : खोली ठेवा. शाळेला सुट्टी लागली की येतो आम्ही. अहो... तुम्हाला विचारतात का कुणी तिथं? कुठल्या देशाचे म्हणून?

कैतान : रोज.

लुझिया : मला कधी बोलला नाहीत.

कैतान : बोललो असतो तर तू आली असतीस?

लुझिया : मी पण बोलले नाही. आल्यावर बोलू. ठेवते.

दुमगी : झालं? डोळे पूस नि सुई घे. कोपऱ्यांची कापडी फुलं राहिलीत. चारही कोपऱ्यांवर फुलं नसली तर कवंदी उघडी दिसते. ही तुम्ही घेऊन जायची.

लुझिया : तुम्हीही चला ना, मांय. मी मनापासून म्हणतेय.

दुमगी : त्या खोलीत पाचवं माणूस आडवं झालं तर दार लागायचं नाही. आणि हे घर बंद ठेवलं की वाळवी खाते. कुणीतरी चूल पेटवायला हवी.

लुझिया : एकट्यापुरती चूल पेटवणार तुम्ही?

दुमगी : पेटवेन. नाहीतर कोंबड्यांसाठी पेटवेन. तू टाका बघ, वाकडा जातोय.

लुझिया : दिसत नाहीये नीट. ऊन पण उतरलं. मागच्या परसात पोरं केव्हाची धिंगाणा घालतायत, हाक मारू?

दुमगी : नको. अजून थोडा वेळ ओरडू देत.